ससूनच्या खाटेवरचे आभार : गांधीजी, १९२४

१/
१२ जानेवारी १९२४, शनिवार. पुण्याच्या ससून रुग्णालयात रात्री एका कैद्याच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली. कैदी होते मोहनदास करमचंद गांधी. शस्त्रक्रिया करणारे कर्नल मॅडॉक हे त्याच सरकारचे अधिकारी होते, ज्याने गांधीजींना राजद्रोहासाठी तुरुंगात टाकले होते. त्यानंतर साडेचार महिने हा रुग्ण सावरत होता आणि देशभरातून त्याच्यावर प्रेमाचा वर्षाव होत होता. त्या प्रेमाचे ऋण त्याने कसे मानले आणि ते मानताना त्याला काय सोसावे लागले, याचा हा धागा.

२/
आभार मानणे ही वरवर पाहता अगदी सोपी गोष्ट. मात्र त्या वेळी गांधीजींना तीन दिशांना आभार मानायचे होते. एक, ज्यांच्याशी वैर होते त्या सरकारच्या डॉक्टरांचे. दोन, ज्यांच्याशी राजकीय मतभेद होते त्या मित्रांचे. तीन, ज्यांनी आपल्या साऱ्या आशा त्यांच्यावर टाकल्या होत्या त्या अनुयायांचे. तिसरे आभार सर्वांत अवघड ठरले. ते का, हे समजण्यासाठी आधी दोन वर्षे मागे जावे लागेल.

३/
फेब्रुवारी १९२२. चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटवले, पोलीस जळून मेले. गांधीजींनी असहकाराच्या चळवळीतील सामुदायिक कायदेभंग थांबवला. अनेक सहकारी संतापले, कित्येक निराश झाले. १० मार्च रोजी साबरमती आश्रमात गांधीजींना अटक झाली. १८ मार्चला अहमदाबादेत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यासमोर खटला चालला. ‘यंग इंडिया’तील तीन लेख हा आरोपाचा आधार होता आणि कलम होते १२४ अ.

४/
शिक्षा सहा वर्षांची झाली. हा आकडा योगायोगाने आलेला नव्हता. १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि न्यायमूर्तींनी त्या खटल्याचा उल्लेख करूनच आपली शिक्षा ठरवली. टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले जाणे हा आपला मोठा सन्मान आहे, असे गांधीजींनी तेथेच सांगितले. त्यानंतर त्यांची रवानगी झाली ती टिळकांच्याच पुण्याजवळ, येरवड्याच्या कारागृहात.

५/
येरवड्यात ते कातत, वाचत, लिहीत. दक्षिण आफ्रिकेतील सत्याग्रहाचा इतिहास त्यांनी येथेच सांगायला घेतला. तो लिहून घेण्याचे काम सहबंदी इंदुलाल याज्ञिक करीत. बाहेर मात्र चळवळीत फूट पडत होती. जानेवारी १९२३ मध्ये चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरू यांनी स्वराज्य पक्ष काढला. विधिमंडळात शिरून सरकारला आतून अडवायचे, हा त्यांचा मार्ग. राजगोपालाचारींसारख्या ‘नाफेरवादी’ मंडळींना तो असहकाराशी केलेला द्रोह वाटे. दोन्ही बाजू स्वतःला गांधीजींचीच माणसे म्हणवीत.

६/
अशा स्थितीत जानेवारी १९२४ मध्ये गांधीजींच्या पोटात तीव्र वेदना सुरू झाल्या. निदान झाले अपेंडिसायटिसचे, म्हणजे आंत्रपुच्छाच्या दाहाचे. त्यांना येरवड्याहून ससून रुग्णालयात हलवण्यात आले. बगदादहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झाले होते.

७/
आज या शस्त्रक्रियेचे कोणाला फारसे भय वाटत नाही. १९२४ मध्ये परिस्थिती निराळी होती. आंत्रपुच्छ फुटले की पू उदरपोकळीत पसरतो, आणि तो पसरल्यावर थांबवणारे औषधच तेव्हा नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये आणि ते प्रत्यक्ष उपचारात आले १९४० च्या दशकात. १९०२ मध्ये इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांना हाच विकार राज्याभिषेकाच्या तोंडावर झाला, तेव्हा समारंभ पुढे ढकलून आधी शस्त्रक्रिया करावी लागली होती. रोग राजाला आणि कैद्याला सारखेच वागवत होता.

८/
मुंबईचे डॉ. दलाल आणि डॉ. जीवराज मेहता यांना बोलवावे, असे गांधीजींनी सुचवले होते. सरकारने आडकाठी केली नाही. (हेच जीवराज मेहता १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.) पण मुंबईहून डॉक्टर येईपर्यंत थांबणे धोक्याचे होते. शस्त्रक्रिया त्याच रात्री आणि मॅडॉक यांच्याच हातून व्हावी लागणार, हे स्पष्ट झाले.

९/
आता प्रश्न केवळ वैद्यकीय राहिला नाही. समजा, सरकारी डॉक्टरांच्या सुरीखाली गांधीजींचा अंत झाला असता, तर? देशात कोणी विश्वास ठेवला असता की तो आजारानेच गेला? किती ठिकाणी चौरीचौरा घडले असते? शल्यचिकित्सकाच्या डोक्यावर त्या रात्री केवळ एका रुग्णाचा नव्हे, तर साऱ्या देशाच्या शांततेचा भार होता. हे मॅडॉक जाणून होते आणि खाटेवरचा रुग्णही जाणून होता.

१०/
पुण्यातले आपले स्नेही म्हणून गांधीजींनी त्या रात्री ज्यांना बोलावून घेतले, त्यांत डॉ. फाटक होते आणि श्रीनिवास शास्त्री होते. शास्त्री हे भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. १९०५ मध्ये नामदार गोखल्यांनी ही संस्था स्थापली आणि १९१५ मध्ये त्यांच्या निधनानंतर तिची धुरा शास्त्रींकडे आली. गोखल्यांना गांधीजी आपले राजकीय गुरू मानत. गुरू एकच, वाटा मात्र दोन. शास्त्री नेमस्त होते आणि असहकाराचे उघड टीकाकार होते.

११/
जिवावरच्या प्रसंगी गांधीजींच्या उशाशी बसलेला राजकीय मनुष्य त्यांच्या पक्षाचा नव्हता, ही गोष्ट आजच्या वाचकाने थोडे थांबून पाहावी. त्या रात्रीचा वृत्तान्त आपल्याला मुख्यतः शास्त्रींनी केलेल्या निवेदनातूनच कळतो. मतभेद असलेल्या माणसाच्या सचोटीवर आपण किती विसंबून राहू शकतो, याचा तो पुरावाच म्हणायला हवा.

१२/
एक संमतिपत्र तयार करायचे ठरले. शास्त्रींनी मसुदा लिहून घेतला, गांधीजींनी तो ऐकून एखाददुसरा शब्द दुरुस्त केला. मजकुराचा आशय असा : मॅडॉक आणि रुग्णालयातील सर्वांनी माझी उत्तम काळजी घेतली आहे, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे, माझ्या पसंतीचे डॉक्टर बोलावण्याची मुभा दिल्याबद्दल सरकारचाही मी आभारी आहे, आणि विलंब धोक्याचा असल्याने मॅडॉक यांनीच शस्त्रक्रिया करावी अशी माझी विनंती आहे.

१३/
या कागदाचे मर्म लक्षात घ्या. वाचला असता तर त्याला काहीच अर्थ उरला नसता. दगावला असता तर मात्र त्या चार ओळींनी मॅडॉक यांना संशयातून आणि देशाला रक्तपातातून वाचवले असते. म्हणजे हे आभार उपचार होण्याआधीच मानलेले होते, आणि मृत्यूनंतरही कामास येतील अशा बेताने मानलेले होते. आपल्या मरणाचा उपयोग कोणी सूडासाठी करू नये, ही व्यवस्था रुग्णाने स्वतःच करून ठेवली.

१४/
गुडघे उभे करून, त्यावर कागद ठेवून गांधीजींनी पेन्सिलीने सही केली. हात थरथरत होता. माझा हात किती कापतो आहे पाहा, हे तुम्हालाच दुरुस्त करावे लागेल, असे ते मॅडॉक यांना हसत म्हणाले. आम्ही तुमच्यात पुष्कळ बळ भरू, असे आश्वासन मॅडॉक यांनी दिले. साम्राज्याचा अधिकारी आणि साम्राज्याचा राजद्रोही यांच्यातला हा संवाद आहे.

१५/
सहीनंतर शास्त्रींनी त्यांना एक प्रश्न विचारला : देशाला काही संदेश? उत्तर नकाराचे आले. मी सरकारचा कैदी आहे, कैद्याचे नियम मला प्रामाणिकपणे पाळले पाहिजेत. बाहेरच्या जगाच्या दृष्टीने मी मृतवत आहे, सार्वजनिक कामाशी माझा संबंध उरलेला नाही, तेव्हा संदेश देण्याचा मला अधिकार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव होता. भूल देण्याच्या उंबरठ्यावर असतानाही त्यांनी हा नियम मोडला नाही.

१६/
सुटकेविषयीही ते बोलले. सरकारशी असलेले माझे भांडण त्याचे कारण उरेल तोवर राहील, सुटकेला कोणतीही अट नसावी आणि खोट्या सबबीवर सुटका नसावी, असे त्यांनी स्पष्ट केले. सरकारचे आभार मानणारा कागद आणि सरकारशी भांडण चालू असल्याची ग्वाही, दोन्ही गोष्टी एकाच रात्रीच्या. कृतज्ञता म्हणजे शरणागती नव्हे, हे त्यांनी कोणतेही व्याख्यान न देता दाखवले.

१७/
शस्त्रक्रिया सुरू असतानाच वीज गेली. हाताशी असलेली विजेरीही विझली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात उरकावे लागले. तरीही शस्त्रक्रिया यशस्वी झाली. ससूनमधील ती खोली पुढे स्मारक म्हणून जपण्यात आली. पुण्याच्या मंडळींनी कधी संधी साधून ती अवश्य पाहावी.

१८/
आता त्याच दिवसाची दुसरी घटना. १२ जानेवारी १९२४ रोजीच कलकत्त्यात गोपीनाथ साहा या तरुण क्रांतिकारकाने अर्नेस्ट डे नावाच्या इंग्रज गृहस्थावर गोळ्या झाडल्या. त्याला मारायचे होते पोलीस आयुक्त चार्ल्स टेगार्ट यांना. ओळखण्यात चूक झाली आणि भलताच माणूस मेला. साहाला १ मार्चला फाशी झाली. ही घटना ध्यानात ठेवा, कारण पाच महिन्यांनी ती गांधीजींच्या खाटेपाशी, त्यांच्या अनुयायांपाशी परत येणार आहे.

१९/
जखम लवकर भरून येईना. दरम्यान २२ जानेवारीला इंग्लंडमध्ये रॅम्से मॅक्डोनाल्ड यांचे पहिले मजूर मंत्रिमंडळ सत्तेवर आले. हिंदुस्थानात सुटकेची मागणी जोर धरत होती. ५ फेब्रुवारीला सरकारने प्रकृतीचे कारण देऊन गांधीजींची उरलेली शिक्षा बिनशर्त माफ केली. सहा वर्षांपैकी दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

२०/
सुटका झाल्यावर ते तडक ससून सोडून जातील, अशी कोणाचीही अपेक्षा असती. ते गेले नाहीत. आणखी पाच आठवडे ते त्याच रुग्णालयात, त्याच मॅडॉक यांच्या देखरेखीखाली राहिले. आता ते कैदी नव्हते, मर्जीने राहिलेले रुग्ण होते. विश्वास केवळ कागदापुरता नव्हता, याचा याहून सरळ दाखला दुसरा नाही.

२१/
सुटकेनंतर दोन दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, त्यांनी काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष मौलाना महंमद अली यांना पत्र लिहिले. कैद्याचे मौन संपले होते, तेव्हा देशाशी बोलण्याचा अधिकार परत मिळाला होता. हे पत्र म्हणजे साऱ्या धाग्याचा मध्यबिंदू. आजाराच्या कारणाने झालेल्या सुटकेचा मला आनंद नाही, असे त्यांनी लिहिले. कैद्याचे आजारपण हे त्याला सोडण्याचे कारण असू शकत नाही, अशी त्यांची धारणा होती.

२२/
पुढचा भाग अधिक मार्मिक आहे. तुरुंगात असताना शिस्त पाळणे आणि स्वतःला सेवेसाठी अधिक लायक बनवणे, एवढीच जबाबदारी होती. बाहेर येताच दुसऱ्याच जबाबदारीचे ओझे अंगावर पडले. अभिनंदनाच्या तारा लोटत होत्या. त्या प्रेमाने त्यांना दिलासा मिळत होता, पण त्या तारांमधून डोकावणाऱ्या अपेक्षांनी ते धास्तावत होते. इतक्या अपेक्षा पुऱ्या करण्यास आपण किती असमर्थ आहोत, या जाणिवेने अभिमान गळून पडतो, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता.

२३/
एरवी आभारपत्रात माणूस म्हणतो, तुमच्या शुभेच्छांनी मला बळ मिळाले. गांधीजींनी तेही म्हटले आणि त्याच्याच जोडीला म्हटले, की तुमच्या शुभेच्छांचे मला भय वाटते. मग त्यांनी एक विनंती केली : मला पाहण्यासाठी पुण्याला धाव घेऊ नका. प्रेम दाखवायचेच असेल तर आपापल्या सार्वजनिक कामाला, विशेषतः सूतकताईला, अधिक वेळ द्या. दर्शनाची ओढ त्यांनी कामाकडे वळवू पाहिली. पुढे काय झाले ते पाहू.

२४/
११ मार्चला ते मुंबईजवळ जुहूला गेले. समुद्राची हवा हाच तेव्हाचा शस्त्रक्रियेनंतरचा मान्य उपचार. मुक्काम होता नरोत्तम मोरारजी यांच्या बंगल्यात. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया या स्वदेशी जहाज कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक. मदतीला चार्ली अँड्र्यूज होते. म्हणजे इंग्रजांच्या राज्याशी लढणाऱ्या या रुग्णाला कापले एका इंग्रजाने आणि जपले दुसऱ्या इंग्रजाने.

२५/
जुहूची विश्रांती नावापुरतीच राहिली. ३० मार्चला त्रावणकोरात वायकोमचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुले व्हावेत, ही मागणी. त्याची मसलत जुहूहून पत्रांनी होऊ लागली. ३ एप्रिलपासून ‘यंग इंडिया’चे संपादन त्यांनी पुन्हा हाती घेतले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास चर्चेसाठी जुहूला आले. दोन्ही गटांना आजारी गांधीजींचा आशीर्वाद आपल्याच पारड्यात हवा होता.

२६/
चर्चा दीर्घ चालल्या, पण विधिमंडळ प्रवेशावर एकमत झाले नाही. मे महिन्यात गांधीजींनी मतभेद प्रामाणिकपणे जाहीर केले. ज्या मोतीलालजींच्या स्नेहाबद्दल मनात आदर, त्यांना ‘तुमचे म्हणणे मला पटत नाही’ असे सांगणे आणि तरीही त्यांच्या मार्गात अडथळा न आणणे, असा तो पवित्रा होता. आजारपणात भेटायला आलेल्या माणसाला आभाराच्या ओझ्याखाली होकार देणे सोपे असते. तसा होकार त्यांनी दिला नाही.

२७/
याच सुमारास एक टोचणारा प्रश्नही पुढे आला. १९०९ च्या ‘हिंद स्वराज्य’मध्ये ज्याने डॉक्टरांवर आणि रुग्णालयांवर इतके कोरडे ओढले, तोच माणूस सुरीखाली कसा गेला? गांधीजींनी पळवाट काढली नाही. शस्त्रक्रियेला मान्यता देणे ही आपल्या आत्मबलातली उणीव होती, असे त्यांनी मान्य केले. मॅडॉक यांच्याविषयीची कृतज्ञता मात्र त्यांनी या सिद्धान्तासाठी मागे घेतली नाही. विचार एका बाजूला, उपकार दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही नोंदी खऱ्या.

२८/
मेच्या अखेरीस ते साबरमतीला परतले. जूनच्या शेवटी अहमदाबादेत अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक भरली. ज्यांनी तारा पाठवल्या त्यांची परीक्षा आता होती. गांधीजींनी ठराव मांडला : काँग्रेसच्या प्रतिनिधिसंस्थांतील सदस्यांनी रोज अर्धा तास सूत कातावे आणि दरमहा २००० वार सूत द्यावे, न देणाऱ्याचे पद रिकामे समजावे. ससूनच्या खाटेवरून जे विनंती म्हणून मागितले होते, ते आता नियम म्हणून मागितले.

२९/
स्वराज्य पक्षाची मंडळी विरोध करून सभेतून उठून गेली. ठराव कसाबसा टिकला, पण शिक्षेचे कलम गांधीजींनी स्वतःच मागे घेतले. प्रेमाच्या तारा पाठवणे वेगळे आणि रोजचा अर्धा तास देणे वेगळे, हे सभागृहातच दिसून आले.

३०/
त्यानंतर आले गोपीनाथ साहाचे प्रकरण. बंगालच्या प्रांतिक परिषदेने सिराजगंज येथे साहाच्या आत्मत्यागाचा गौरव करणारा ठराव केला होता. गांधीजींनी अर्नेस्ट डे यांच्या हत्येचा निषेध करणारा ठराव मांडला. तो मंजूर झाला, परंतु अगदी थोड्या मतांच्या फरकाने. अहिंसा हे ज्या संस्थेचे घोषित धोरण, तिच्याच नेत्यांपैकी जवळपास निम्म्यांची मते तिच्या विरोधात पडली.

३१/
सभेत गांधीजींना अश्रू आवरले नाहीत. पुढे ‘यंग इंडिया’त त्यांनी जो लेख लिहिला त्याचे शीर्षकच ‘पराभूत आणि नम्र’ अशा अर्थाचे होते. तांत्रिकदृष्ट्या ठराव जिंकले होते, पण जिंकलेल्या मतांच्या आतली पोकळी त्यांना दिसली. फेब्रुवारीच्या पत्रातले भय खरे ठरले होते : लोकांना गांधी हवा होता, गांधींचे म्हणणे नको होते.

३२/
असे ध्यानात आल्यावर नेता काय करतो? कोणी अनुयायांना कृतघ्न ठरवून रागावतो, कोणी त्यांच्या मनासारखे बोलू लागतो. गांधीजींनी दोन्ही टाळले. वर्षाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वराज्य पक्षाला काँग्रेसच्या वतीने विधिमंडळात काम करण्याची मोकळीक दिली आणि स्वतः विधायक कार्यक्रमाकडे वळले. सप्टेंबरमध्ये हिंदू-मुस्लिम दंग्यांनी व्यथित होऊन दिल्लीत महंमद अलींच्या घरी २१ दिवसांच्या उपवासास बसले. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी चिरलेले ते शरीर होते.

३३/
डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन झाले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. वर्षाची सुरुवात येरवड्याच्या कोठडीत, मग ससूनची खाट, जुहूचा किनारा आणि शेवट बेळगावच्या मंडपात. पाहिले तर या वर्षाचा मोठा भाग तेव्हाच्या मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखात घडला, आणि तरी आपल्या शालेय पुस्तकांत १९२२ नंतर थेट १९३० उजाडते.

३४/
वीस वर्षांनी इतिहासाने हाच प्रसंग जवळजवळ तसाच पुन्हा मांडला. ६ मे १९४४ रोजी पुण्याच्याच आगाखान पॅलेसमधून गांधीजींची आजारपणामुळे सुटका झाली. तेथील स्थानबद्धतेत महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा दोघेही गेले होते. विश्रांतीसाठी ते पुन्हा जुहूलाच गेले, या वेळी नरोत्तम मोरारजींचे चिरंजीव शांतिकुमार यांच्याकडे. आजारी म्हणून सुटण्याची खंत याही वेळी होतीच.

३५/
तर, या कथेतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे? एक म्हणजे साधने वाचण्याची रीत. संमतिपत्र, शास्त्रींचे निवेदन, महंमद अलींना पत्र आणि जूनचा लेख हे चार कागद शेजारी ठेवून वाचले, की एकच माणूस कैदी, रुग्ण, मित्र आणि नेता म्हणून वेगवेगळ्या मर्यादा पाळताना दिसतो. त्यांतला कोणताही एकच कागद वाचला तर चित्र एकांगी होते.

३६/
दुसरे, कृतज्ञतेची पारख. मॅडॉक यांचे आभार मानून गांधीजींनी सरकारशी भांडण सोडले नाही. शास्त्रींवर जिवाचा विश्वास टाकून ते नेमस्त झाले नाहीत. अनुयायांच्या प्रेमाने भारावूनही त्यांनी त्यांना नको असलेली गोष्ट मागितली आणि मते घटलेली पाहिली. आभार मानायचे, पण त्यांच्या बदल्यात स्वतःचे मत गहाण टाकायचे नाही, हा हिशेब त्यांनी वर्षभर चोख ठेवला.

३७/
आणि तिसरे आपल्यासाठी, म्हणजे थोरांच्या चाहत्यांसाठी. १९२४ मध्ये ज्यांनी तारा पाठवल्या, त्यांचे प्रेम खोटे नव्हते. फक्त प्रेमाची तार पाठवायला जितका वेळ लागतो, त्याहून अर्धा तास अधिक कोणी मागितला होता, आणि तो देणारे थोडे निघाले. आपण ज्या ऐतिहासिक व्यक्तीवर जीव ओवाळून टाकतो, तिने आपल्याकडे नेमके काय मागितले होते, हे प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे.

धागा समाप्त. शंका, दुरुस्त्या आणि पुरवणी माहितीचे स्वागत आहे. आवडल्यास इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत अवश्य पोहोचवा.